बेळगावहून समुद्राकडे : घाटवाटा आणि सायकल

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. तेथून जांबोटीमार्गे नैर्ऋत्येला निघालेला प्रवासी पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर चालून कणकुंबीला पोहोचतो, तेव्हा त्याची उंची जेमतेम आठशे मीटरच्या आसपास असते. वाटेत लहानमोठे चढ-उतार लागतात, भातखाचरे मागे पडतात, जंगल दाट होत जाते. परंतु सह्याद्रीच्या माथ्यावर येऊनही आपण काही चढलो असे त्याला फारसे वाटत नाही. पुढे चोर्ल्याच्या घाटात मात्र थोड्याच अंतरात जवळजवळ सगळी उंची हातची जाते आणि तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील केरी गावाशी उतरतो. दख्खनचे पठार पूर्वेकडे हळूहळू कललेले आणि पश्चिमेकडे कड्यासारखे तुटलेले आहे, हे शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनी वाचले आहे. मोटारीतून जाणाऱ्याला ते वाचलेलेच राहते. सायकलवरून जाणाऱ्याला ते मांड्यांत आणि ब्रेकवर कळते.

अलीकडे सायकलवरून लांबचा प्रवास करणाऱ्यांची संख्या वाढली आहे. बेळगाव, कोल्हापूर, पुणे येथील तरुण आणि माझ्यासारखे काही निवृत्तही सह्याद्रीतून कोकणात आणि गोव्यात सायकलने उतरतात. त्यांच्या संभाषणात धबधबे, धुके, हिरवाई यांचे वर्णन पुष्कळ असते. ज्या रस्त्यावरून ते जातात तो रस्ता मात्र क्वचितच येतो. प्रस्तुत लेखाचा विषय तो रस्ता हा आहे. बेळगावहून समुद्राकडे जाणारी प्रत्येक घाटवाट कोणीतरी, कोणत्यातरी गरजेपोटी आखली. ती गरज कोणाची होती याची नोंद त्या वाटेच्या चढात राहून गेली आहे, आणि ती नोंद वाचण्यास सायकलइतके योग्य वाहन दुसरे नाही, असे मला वाटते.

आरंभ कणकुंबीपासूनच करणे इष्ट. येथील माउलीदेवीच्या मंदिराजवळ मलप्रभेचा उगम मानला जातो. हे पाणी खानापूरवरून पूर्वेकडे निघते, सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात थांबते, चालुक्यांच्या पट्टदकलाशेजारून वाहते आणि सुमारे तीनशे किलोमीटरचा प्रवास करून कुडलसंगम येथे कृष्णेला मिळते. पुढे ते बंगालच्या उपसागरात जाते. याच गावाच्या परिसरात कळसा नाला उगम पावतो. तो पश्चिमेकडे वळतो, म्हादईला मिळतो, आणि म्हादई गोव्यात मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्राला भेटते. म्हणजे एकाच गावाच्या शिवारात पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. उत्तरेकडे आंबोलीलाही हेच दृश्य आहे : घाटाच्या तोंडाशी हिरण्यकेशीचा उगम, त्यावर देवस्थान, आणि पाणी मात्र समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेस निघालेले. घाटमाथ्यावर पाणी असणे ही जुन्या वाहतुकीची पहिली अट होती. चढून आलेल्या बैलाला पाणी आणि विसावा लागे. त्यामुळे नदीचा उगम, देऊळ आणि घाटाचे तोंड ही तिन्ही अशी जवळजवळ सापडावीत, यात नवल नाही.

आता चढाचा हिशेब पाहू. सातशे मीटर उंचीचा कडा चढायचा आहे. वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, असा चढ ठेवला तर रस्त्याची लांबी चौदा किलोमीटर होते. दहाला एक ठेवला तर सात किलोमीटर. पायी माणूस, डोक्यावरचे ओझे, पाठीवर गोणी लादलेला बैल यांना दहाला एक, किंबहुना त्याहूनही तीव्र चढ चालतो; वाट आखूड होते एवढाच त्यांचा लाभ. चाकाला मात्र तो चालत नाही. भरलेली गाडी चढताना बैल थकतात, आणि उतरताना सारे ओझे त्यांच्या मानेवर येते. डोंगरी रस्त्यासाठी वीसला एक हा चढ आजही आपल्याकडील अभियांत्रिकीत सर्वसाधारण मर्यादा मानला जातो. सायकलस्वार आणि त्याचे सामानसुमान मिळून नव्वद किलो वजन धरले, तर वीसला एक या चढावर साडेचार किलोचा ओढा सतत मागे खेचत असतो. दहाला एकवर तो नऊ किलो होतो. साधारण प्रकृतीच्या माणसाने शंभर वॅट शक्ती सातत्याने लावली तर घर्षण सोडूनही सातशे मीटर चढायला त्याला पावणेदोन तास लागतील. त्याचा वेग तेव्हा ताशी आठ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बैलगाडीपेक्षा जेमतेम सरस असतो. म्हणून मी म्हणतो की घाट चढणारा सायकलस्वार जुन्या प्रवाशाच्या सर्वांत जवळचा असतो. वाट बैलासाठी होती की गाडीसाठी, हे त्याला पुस्तक न उघडता समजते.

बेळगावहून किनाऱ्याकडे जाणाऱ्या प्रमुख वाटा चार सांगता येतील. उत्तरेकडून पाहता आंबोली, रामघाट, चोर्ला आणि अणमोड. या वाटांनी कोकणातून वर येणारा मुख्य माल मीठ, सुकी मासळी आणि नारळ. खाली जाणारा माल तांदूळ, गूळ, तूप आणि कापूस. मिठाशिवाय घाटमाथ्याचे चालत नव्हते आणि माथ्यावरच्या धान्याशिवाय किनारपट्टीचे भागत नव्हते. राजवटी बदलल्या, जकातनाके बदलले, ही देवघेव मात्र बदलली नाही.

यांपैकी रामघाट हा जुना. आजच्या चंदगड तालुक्यातून दोडामार्गच्या बाजूला उतरणारी ही वाट पारगडासारख्या किल्ल्याच्या पंचक्रोशीत येते. हा किल्ला शिवाजी महाराजांच्या काळचा. तानाजीपुत्र रायबा मालुसरे तेथील किल्लेदार होते, अशी परंपरा सांगितली जाते. १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांच्या हाती आले आणि १८१८ मध्ये बेळगावही आले. बेळगावला लष्करी छावणी बसली. छावणीला दारूगोळा, कापड, सामानसुमान हवे होते, आणि ते मुंबईहून समुद्रमार्गे वेंगुर्ल्याला उतरवून घाटावर चढवणे हाच सोयीचा मार्ग होता. सतराव्या शतकात डचांनी जेथे वखार घातली ते हे बंदर आता एका मोठ्या छावणीचे दार झाले. पण रामघाटाची चढण कुप्रसिद्ध होती. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोलीचा, म्हणजेच पारपोलीचा घाट गाडीरस्ता म्हणून बांधण्यात आला. त्याची वळणे लांब आहेत, चढ सौम्य आहे. या रस्त्यावरचा टप्पा म्हणून आंबोली नावारूपाला आली, आणि सावंतवाडीचे पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप यांच्या पुढाकाराने ती थंड हवेचे ठिकाण बनली. आज आंबोलीला वर्षासहलीला जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते की हा सुखद चढ तोफा आणि रसद ओढणाऱ्या जनावरांच्या सोयीने आखला गेला?

रामघाट मागे पडला तो असा. पुढे आंबोलीच्या रस्त्यावरही तीच पाळी आली. १८७८ मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. त्यातून मुरगाव बंदराला सह्याद्रीपार नेणारी रेल्वे निघाली आणि १८८०च्या दशकाच्या अखेरीस ती सुरू झाली. कॅसलरॉकहून कुळ्याकडे उतरणाऱ्या ब्रागांझा घाटात तिचा चढ सदतीसला एक आहे. रेल्वेचे लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते, त्यामुळे गाडीरस्त्याचा वीसला एक चढही तिला पेलत नाही. म्हणून बोगदे, पूल आणि वळसे. त्याच करारान्वये गोव्यातील मिठाच्या व्यवहारावर इंग्रजांचे नियंत्रण आले. शतकानुशतके बैलांच्या पाठीवरून घाट चढणारे मीठ आता कराराच्या कलमांत अडकले. तो करार १८९२ मध्ये संपुष्टात आला. रेल्वे राहिली, आणि वेंगुर्ल्याचा घाटमाथ्याशी असलेला व्यापार ओसरला.

आता चोर्ला. नकाशावर पाहिले तर बेळगावहून पणजीला जाण्यास ही वाट स्वाभाविक वाटते. तरीही आंबोलीला गाडीरस्ता झाला तेव्हा चोर्ल्याला तो झाला नाही. याचे कारण डोंगरात शोधू नये, सरहद्दीत शोधावे. कड्याखालची सत्तरी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली होती आणि तेथे त्यांचा अंमल कधीच निर्धास्त नव्हता. दिपाजी राणे यांनी १८५२ च्या जानेवारीत नाणूसचा किल्ला घेऊन बंडाला आरंभ केला. १८९५ मध्ये दादा राणे यांचे बंड झाले. राण्यांना घाटातील पायवाटा आणि माथ्यावरचे जंगल यांचा आधार होता. अशा सरहद्दीवर रुंद रस्ता पोर्तुगीजांना नको होता, आणि आपला माल परक्या बंदरात नेणारा रस्ता बांधण्याची इंग्रजांना गरज नव्हती. या वाटेने मीठ, धान्य, बातम्या, सोयरिकी आणि बंडखोर जात राहिले. चाक मात्र गेले नाही.

स्वातंत्र्यानंतर ही सरहद्द आणखी कठोर झाली. १९५५ मध्ये गोवामुक्तीचा सत्याग्रह झाला. त्या वर्षी १५ ऑगस्टला पत्रादेवीसह निरनिराळ्या ठिकाणी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले, आणि त्यानंतर गोव्याची रेल्वे व रस्ते बंद झाले. १९६१ च्या डिसेंबरात बेळगाव हेच लष्करी हालचालींचे केंद्र होते. १७ व्या पायदळ डिव्हिजनच्या तुकड्या अणमोड घाटाने मोल्याकडे उतरल्या. उत्तरेकडून ५० वी पॅराशूट ब्रिगेड दोडामार्गच्या बाजूने शिरली. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. त्यानंतरच चोर्ल्याची वाट मोटाररस्ता होण्याची शक्यता निर्माण झाली, आणि मोठ्या रहदारीचा मार्ग म्हणून तिचे महत्त्व तर गेल्या काही दशकांतलेच आहे. चार वाटांत वयाने जुनी आणि रस्ता म्हणून सर्वांत तरुण, अशी चोर्ल्याची कथा आहे.

या इतिहासात सायकल कोठे येते? योगायोग असा की ती फार लवकर आणि नेमकी बेळगावलाच येते. १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन्ही चाके जवळपास सारखी असलेली, साखळीने चालणारी ‘सेफ्टी’ सायकल काढली. १८८८ मध्ये डनलप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. आणि १८८८ हेच वर्ष किर्लोस्कर उद्योगाच्या स्थापनेचे मानले जाते. मुंबईत राहणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि बेळगावचे त्यांचे बंधू रामूअण्णा यांच्या उद्योगाची सुरुवात सायकलींच्या विक्री-दुरुस्तीपासून झाली. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर नंतरचे. १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर वसलेली किर्लोस्करवाडी त्याहून नंतरची. बेळगावातील किर्लोस्कर रोड हे नाव त्या आरंभाची आठवण अजून जागी ठेवून आहे. महाराष्ट्रातील आधुनिक यंत्रोद्योगाचा एक मोठा प्रवाह या सीमेवरच्या गावात सायकलच्या दुकानातून निघाला, ही गोष्ट कणकुंबीच्या उगमाइतकीच लक्षात ठेवण्यासारखी आहे. छावणीचे गाव, पठारी जमीन आणि छावणीसाठी बांधलेले पक्के रस्ते हे सायकलला अनुकूल होते, असे अनुमान करण्यास हरकत नाही. म्हणजे लष्करासाठी झालेल्या रस्त्यांचा लाभ एका वेगळ्याच चाकाला मिळाला.

सायकलस्वारांनी रस्त्यांकडे कसे पाहावे याचा धडा इंग्लंडात त्याच काळात घालून दिला गेला होता. १८७८ मध्ये तेथे सायकलवरून पर्यटन करणाऱ्यांचा क्लब स्थापन झाला. धोक्याच्या उतारांच्या माथ्यावर सूचनाफलक लावण्याचे काम मोटारी येण्यापूर्वी अशा सायकल संघटनांनी केले. १८९०च्या दशकात हॅरी इंग्लिस यांनी तेथील रस्त्यांच्या चढ-उतारांचे आलेख देणारी पुस्तके प्रसिद्ध केली; कोठे किती चढ, याची माहिती सायकलस्वारांनाच सर्वांत अधिक हवी होती. दोन चाकांवर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे टॉमस स्टीव्हन्स १८८६ मध्ये भारतात आले ते लाहोर ते कलकत्ता या सपाट मार्गाने. सह्याद्री त्यांच्या वाटेत आला नाही. १९२३ मध्ये मुंबईहून निघून १९२८ मध्ये परतलेल्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी पुढे तेच साहस आपल्या बाजूने करून दाखवले. आपल्याकडे मात्र सायकल मौजेचे साधन होण्यापेक्षा कामाचे साधन अधिक झाली. माझ्या नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत पोस्टमन, ग्रामसेवक, तलाठी, मास्तर यांचे दप्तर कॅरिअरवरूनच गावोगाव फिरत असे. वीस-बावीस किलोची, गिअर नसलेली ती सायकल घाटात हाताने ढकलत न्यावी लागे, आणि कोणाला त्यात कमीपणा वाटत नसे.

हा सारा इतिहास एका प्रवासात पाहायचा असेल, तर मी पुढील वर्तुळ सुचवीन. बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी, डिचोली, दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ले; परतताना सावंतवाडी, आंबोली, चंदगड, शिनोळी, बेळगाव. एकंदर अंतर तीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर. चार-पाच दिवस हाताशी असावेत. निपाणी-संकेश्वरकडच्या वाचकांना गडहिंग्लज आणि आजऱ्यावरून थेट आंबोलीला येऊन हेच वर्तुळ तेथून सुरू करता येईल. पावसाळ्यात दोन्ही घाटांत धुके आणि दरडी असतात, म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

चोर्ला उतरावा आणि आंबोली चढावी, असे मी मुद्दाम सांगतो. तरुण रस्त्याने खाली जावे आणि बैलगाडीच्या रस्त्याने, बैलगाडीच्या वेगाने वर यावे. कणकुंबीला देवळापाशी थांबून पाण्याच्या दोन दिशा पाहाव्यात. केरीला पोहोचल्यावर अंजुणे धरणाकडून मागे वळून कड्याकडे पाहिले की राण्यांना या भिंतीचा आधार का वाटत असे ते ध्यानात येते. डिचोली तालुक्यात नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे मंदिर आहे. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार केल्याचा शिलालेख तेथे आहे. दोडामार्गहून बांद्याला आल्यावर थोडी वाट वाकडी करून पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापाशी क्षणभर उभे राहावे. वेंगुर्ल्याला डच वखारीचे भग्नावशेष आणि आता शांत झालेले बंदर पाहावे. एका छावणीची सारी रसद येथे उतरत होती, हे मनात आणून पाहावे. मग सावंतवाडीवरून आंबोलीचा चढ सुरू होतो. तेथे कोणी घाई करू नये. वळण येण्याआधी चढ थोडा सैल होतो का, दगडी मोऱ्या कोठे आहेत, कठड्याचा जुना चिरा कोठे टिकला आहे, हे चढणाऱ्यालाच दिसते.

या वर्तुळात सरहद्दी वारंवार ओलांडाव्या लागतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. चंदगड महाराष्ट्रात राहिले. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. चोर्ल्याच्या आसपास तर कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्या हद्दी एकमेकींना भिडतात. दुकानाच्या पाट्यांची लिपी बदलते. पण चहा देणाऱ्याची मराठी आणि खालच्या गावची कोकणी यांच्यात वाट कोठे तुटत नाही. घाटवाटांनी शतकानुशतके जे जोडले ते अद्याप पुरते सुटलेले नाही, याची प्रचिती सायकलस्वाराला प्रत्येक थांब्यावर येते.

पण काही गोष्टी सुटण्याच्या बेतात आहेत, आणि या लेखाचे प्रयोजन तेच आहे. कळसा नाल्याचे पाणी मलप्रभेकडे वळवण्यासाठी २००६ मध्ये कणकुंबी परिसरात कालव्याचे काम सुरू झाले. वाद वाढला, २०१० मध्ये म्हादई जलविवाद लवाद नेमला गेला, आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याने निवाडा दिला. त्यानुसार कर्नाटकाला एकूण १३.४२ टीएमसी पाणी मिळाले. त्यांपैकी कळसा आणि भांडुरा मिळून ३.९ टीएमसी मलप्रभेच्या खोऱ्यात वळवता येते. हुबळी-धारवाडकडच्या लोकांची तहान खरी आहे आणि मांडवीच्या मुखाशी गोड्या पाण्याची गरजही खरी आहे. त्या वादात निकाल देण्याचा मला अधिकार नाही. एवढेच म्हणेन की जो जलविभाजक निसर्गाने केला आणि ज्याच्या आधाराने घाटाचे तोंड, देऊळ आणि गाव वसले, तो आता माणूस बदलू शकतो. बदलण्यापूर्वी तो पायाखालून घालून पाहिलेली माणसे या निर्णयांत असावीत.

दुसरी गोष्ट रस्त्यांची. रहदारी वाढली की रुंदीकरण अटळ होते, आणि शासकीय सेवेत राहिलेला मी रुंदीकरणाला विरोध करणार नाही. परंतु रुंदीकरणात पहिला बळी जुन्या मोऱ्या, मैलाचे दगड, कठडे आणि पाणवठे यांचा जातो, कारण नकाशावर त्यांची नोंदच नसते. किल्ल्यासाठी आणि देवळासाठी आपल्याकडे संरक्षणाचा कायदा आहे. जुना रस्ता हे स्मारक आहे असे आपल्याला वाटत नाही. रामघाटाची जुनी वाट आज झाडोऱ्यात शोधावी लागते. आंबोलीच्या जुन्या बांधकामाची निदान छायाचित्रांसह नोंद व्हावी, आणि ती करण्यास सायकलस्वारांचे गट सर्वांत समर्थ आहेत. ते हळू जातात, थांबतात, आणि आता प्रत्येकाच्या खिशात छायाचित्र आणि ठिकाण दोन्ही टिपणारा फोन असतो. प्रत्येक मोरीचे, प्रत्येक मैलाच्या दगडाचे छायाचित्र, त्याची जागा आणि तारीख, एवढे तीन रकाने भरले तरी एका हिवाळ्यात दोन घाटांची नोंदवही तयार होईल. ती तालुक्याच्या वाचनालयात ठेवावी आणि तिची एक प्रत सार्वजनिक बांधकाम खात्याच्या उपविभागात द्यावी. पुढे रुंदीकरणाचे अंदाजपत्रक करायला बसणाऱ्या अभियंत्याच्या टेबलावर ती असली, तर एखादी मोरी वाचेलही.